वस्तू घडविण्यापूर्वी मागणीचा पडताळा

१. प्रश्नाचे स्वरूप

नवा उद्योग बुडाला म्हणजे भांडवल अपुरे पडले, परवाने वेळेवर मिळाले नाहीत, प्रतिस्पर्ध्याने किंमत पाडली, अशी कारणे सामान्यतः पुढे केली जातात. ती पुष्कळदा खरीही असतात. परंतु त्यांच्या मागे अनेक वेळा एक अधिक साधे कारण दडलेले असते. जी वस्तू घडविली ती पुरेशा माणसांना, त्या किमतीस, मुळात नकोच होती. वस्तूत दोष नव्हता, कारागिरीही उत्तम होती; केवळ तिला गिऱ्हाईक नव्हते. आणि ही गोष्ट उद्योजकास कळली ती सर्व पैसा खर्ची पडल्यानंतर.

हेच ज्ञान अगोदर आणि थोड्या खर्चात मिळविता येईल काय, व मिळाल्यास त्यावर कितपत विसंबावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नवोद्योगाच्या, म्हणजे ज्यास आज सर्वत्र ‘स्टार्टअप’ म्हणतात त्या उद्योगाच्या, वाङ्मयात या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी गेल्या दोन दशकांत झाली. स्टीव्ह ब्लँक यांच्या २००५ सालच्या पुस्तकाने तिचा पाया घातला आणि एरिक रीस यांच्या २०११ सालच्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. मात्र या मांडणीचा गाभा नवा नाही. आधी गृहीतक स्पष्ट शब्दांत मांडावे, ते कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल हे सांगावे, आणि मग ते निरीक्षण करण्यास निघावे, ही विज्ञानाची परिचित रीतच येथे व्यापारास लावली आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास फ्रँक नाइट यांनी १९२१ साली केलेला जोखीम आणि अनिश्चितता यांतील भेद ठाऊक असतोच. ज्या घटनेची संभाव्यता मोजता येते तेथे जोखीम असते व तिचा विमा उतरविता येतो. जेथे संभाव्यताच अज्ञात असते तेथे अनिश्चितता असते व ती उद्योजकास स्वतः सोसावी लागते. नव्या वस्तूची मागणी ही प्रारंभी दुसऱ्या प्रकारात मोडते. पूर्वपडताळ्याने ती अनिश्चितता नाहीशी होत नाही. तिचा काही भाग मात्र मोजता येण्याजोग्या जोखमीत रूपांतरित होतो. त्याचे महत्त्व एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलाचा नव्हे. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ कार्यक्रमाचा आरंभ झाल्यापासून विद्यापीठांतील पदवीधरांना उद्योजकतेकडे वळविण्याचे प्रयत्न वाढले आहेत. ज्याच्या घरी वडिलोपार्जित व्यवसाय व शिल्लक आहे, त्याचा पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा व तिसरा करण्याची त्याची ऐपत असते. ज्याने आईचे दागिने गहाण ठेवून किंवा भावाच्या पगारावर कर्ज काढून आरंभ केला आहे, त्यास बहुधा एकच प्रयत्न परवडतो. म्हणून चुकीचा शोध स्वस्तात लावण्याची विद्या ही श्रीमंतापेक्षा अल्पवित्त उद्योजकास अधिक आवश्यक आहे.

२. कल्पना म्हणजे गृहीतकांची साखळी

‘माझी कल्पना चांगली आहे काय?’ हा प्रश्न परीक्षणास योग्य नाही, कारण त्यात किमान तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंतलेले असतात. विशिष्ट लोकांना विशिष्ट अडचण भेडसावते आणि ती सोडविण्याची त्यांना निकड आहे, हे पहिले गृहीतक. आपण योजलेली वस्तू तांत्रिक दृष्ट्या घडविता येते, हे दुसरे. ज्या किमतीस लोक ती घेतील त्या किमतीस ती घडवून व पोहोचवून काही उरते, हे तिसरे. साखळीतील एक कडी तुटली तरी साखळी तुटते. त्यामुळे बळकट कड्या पुनःपुन्हा तपासण्याने काहीच साधत नाही. जी कडी सर्वांत संशयास्पद आहे तिच्यावरच प्रथम भार टाकून पाहिला पाहिजे.

मनुष्यस्वभाव नेमका याच्या उलट चालतो. अभियंता तांत्रिक नमुना प्रथम करतो, कारण ते त्यास येते. विक्रीतील मनुष्य जाहिरात प्रथम करतो, कारण ती त्यास आवडते. दोघेही आपल्या ओळखीच्या कडीची परीक्षा घेतात व तिच्या यशाने संतुष्ट होतात.

कोणती कडी संशयास्पद हे प्रत्येक उद्योगात वेगळे असते. अमेरिकेतील थेरानोस ही कंपनी २००३ साली स्थापन झाली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर अनेक चाचण्या करून देण्याचा तिचा दावा होता. अशी सेवा मिळाल्यास लोकांना हवी असेल याविषयी कोणालाच शंका नव्हती; संशय होता तो ती शक्य आहे की नाही याविषयी, आणि नेमके तेच झाकून ठेवण्यात आले. कंपनीच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले. उलट डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले सेगवे हे दुचाकी वाहन तंत्राच्या दृष्टीने खरोखरच विलक्षण होते. दोन समांतर चाकांवर उभे राहून ते आपला तोल आपणच सांभाळत असे. लवकरच आठवड्यास दहा हजार वाहने तयार करावी लागतील अशी अपेक्षा होती. सप्टेंबर २००३ मध्ये दुरुस्तीसाठी सर्व वाहने परत मागवावी लागली, तेव्हा एकंदर विक्री सुमारे सहा हजारच झाली असल्याचे उघड झाले. चालणाऱ्या माणसास सुमारे पाच हजार डॉलर देऊन चालणे टाळण्याची निकड आहे, हे गृहीतक कोणी तपासलेच नव्हते. पुढे २०२० साली या वाहनाचे उत्पादन थांबले.

३. उक्ती आणि कृती

मागणीचा पडताळा घेण्याचा पहिला मार्ग सुचतो तो लोकांना विचारण्याचा. ‘अशी वस्तू बाजारात आली तर आपण घ्याल काय?’ या प्रश्नास बहुतेक सभ्य माणसे होकार देतात. होकाराला काही मोल पडत नाही, आणि उत्साही तरुणास समोरासमोर नकार देणे आपल्याकडे तर विशेषच जड जाते. त्यामुळे अशा होकारांची बेरीज करून बाजारपेठेचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

उक्ती आणि कृती यांतील अंतर दाखविणारा एक जुना अभ्यास येथे उल्लेखनीय आहे. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० ते १९३२ या काळात एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत दूरवर प्रवास केला. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. ते एकूण २५१ हॉटेले, मुक्कामाच्या जागा व उपाहारगृहे यांत गेले. प्रवेश नाकारला गेला तो केवळ एका ठिकाणी. नंतर लापिएर यांनी त्याच आस्थापनांना पत्राने विचारले की, आपण चिनी व्यक्तींना प्रवेश द्याल काय? ज्या १२८ आस्थापनांनी उत्तर दिले त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ असे कळविले. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले आहेत. पत्रास उत्तर देणारी व्यक्ती व दारात स्वागत करणारी व्यक्ती एकच होती असे म्हणता येत नाही, शिवाय सोबत गोरा प्राध्यापक होता. तरीही १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा मुख्य बोध टिकून आहे. काल्पनिक परिस्थितीविषयीचे उत्तर हे प्रत्यक्ष परिस्थितीतील वर्तनाचे विश्वासार्ह प्रतिबिंब नसते. येथे उत्तर वर्तनापेक्षा कठोर होते. नव्या वस्तूच्या बाबतीत ते बहुधा वर्तनापेक्षा उदार असते.

प्रश्न मोठ्या संख्येस विचारला म्हणून हा दोष दूर होत नाही. कोका-कोला कंपनीने २३ एप्रिल १९८५ रोजी आपल्या पेयाची चव बदलली. त्यापूर्वी सुमारे दोन लाख लोकांना नवे पेय चाखावयास देऊन त्यांचे मत घेण्यात आले होते आणि बहुमत नव्या चवीच्या बाजूचे होते. तथापि लोकांचा रोष एवढा झाला की, तीन महिन्यांच्या आत, ११ जुलै १९८५ रोजी, जुने पेय परत आणल्याचे कंपनीस जाहीर करावे लागले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नमुना प्रचंड होता. प्रश्न मात्र अपुरा होता. ‘कोणती चव आवडली?’ असे विचारले गेले. ‘जुने पेय यापुढे मिळणारच नाही, हे आपणास चालेल काय?’ हा खरा प्रश्न त्या चाचणीच्या रचनेतच नव्हता.

मग विचारूच नये काय? विचारावे, परंतु भविष्याविषयी न विचारता भूतकाळाविषयी विचारावे. रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या २०१३ सालच्या ‘द मॉम टेस्ट’ या पुस्तिकेचे सार हेच आहे. आपण आपली कल्पना सांगितली की आईदेखील प्रेमापोटी खोटे बोलेल. म्हणून कल्पना न सांगताच असे प्रश्न विचारावेत की ज्यांच्या उत्तरात खोटे बोलण्यास जागाच उरणार नाही. समजा, द्राक्षबागाईतदारांसाठी फवारणीची नोंद ठेवणारे मोबाईलवरील साधन करावयाचे आहे. ‘असे साधन वापराल काय?’ हा निरुपयोगी प्रश्न होय. ‘गेल्या हंगामात फवारणीची नोंद कशी ठेवली? ती वही दाखविता येईल काय? नोंद चुकल्यामुळे माल नाकारला गेल्याचा प्रसंग आला काय? त्यानंतर आपण काय केले? त्यावर किती खर्च केला?’ हे उपयुक्त प्रश्न होत. ज्या बागाईतदाराने या अडचणीवर आजवर एक रुपया किंवा एक तासही खर्च केलेला नाही, त्यास ती अडचण वाटत असली तरी निकड नाही, असे समजावे. उलट ज्याने स्वतःच कसाबसा काही तोडगा काढला आहे तो आपला पहिला गिऱ्हाईक होण्याची शक्यता अधिक.

४. पुराव्याची प्रतवारी

वरील विवेचनावरून पुराव्यास मोल कशाने येते हे स्पष्ट होईल. देणाऱ्यास तो देताना काय सोसावे लागले, यावर त्याचे मोल अवलंबून असते. स्तुतीस काही लागत नाही. म्हणून ती सर्वांत खालच्या प्रतीची. आपला पत्ता किंवा दूरध्वनी देण्यास किंचित संकोच पडतो. ती त्याहून वरची प्रत. नमुना वापरून पाहण्यासाठी दिलेला वेळ, आपल्या वरिष्ठाशी करून दिलेली ओळख, या त्याच्याही वरच्या. आपल्या बाजारात सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून इसार घेण्याची जी प्रथा आहे तिच्यात हेच शहाणपण आहे. शंभर आश्वासनांपेक्षा एक इसार अधिक बोलका असतो. आणि सर्वांत वरची प्रत म्हणजे पूर्ण किंमत देऊन केलेली खरेदी, व त्याहीपेक्षा त्याच माणसाने पुन्हा केलेली खरेदी.

इसाराचाही अर्थ मात्र जपून लावावा लागतो. टाटा मोटर्सची नॅनो ही मोटारगाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्ली येथे प्रथम दाखविण्यात आली. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी खुली होताच दोन लाखांहून अधिक गाड्यांची नोंदणी पैशासह झाली. हा पुरावा वरच्या प्रतीचा नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तरीसुद्धा गुजरातेतील साणंद येथील वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्यास ती कधीच गाठता आली नाही. सर्वांत चांगल्या वर्षात, म्हणजे २०११-१२ मध्ये, विक्री सुमारे ७४,५०० एवढीच झाली, आणि २०१८ साली उत्पादन जवळपास थांबले. सिंगूरहून कारखाना हलवावा लागल्याने झालेला विलंब, काही गाड्यांना लागलेल्या आगी, आणि ‘सर्वांत स्वस्त गाडी’ या ओळखीमुळे तिला चिकटलेला कमीपणा, ही कारणे सांगितली जातात. यांपैकी शेवटचे कारण रतन टाटा यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, पुरावा मिळाला तो कारखान्याचा निर्णय होऊन गेल्यावर मिळाला. तो कितीही चांगला असता तरी निर्णय बदलण्याच्या कामी येणारा नव्हता. दुसरा असा की, नवलाईच्या पहिल्या लाटेत नोंदणी करणारे आणि पुढे वर्षानुवर्षे येणारे गिऱ्हाईक हे एकाच समूहाचे प्रतिनिधी असतातच असे नाही. चवीने किंवा इंजिनाने नव्हे, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत वस्तूस जो अर्थ प्राप्त होतो त्याने पुढची विक्री ठरते, आणि तो अर्थ काही काळ वापर झाल्यावरच प्रकट होतो.

५. न घडविता घेतलेली परीक्षा

वस्तू नसताना तिची परीक्षा कशी घ्यावयाची, हा स्वाभाविक प्रश्न आहे. याची तीन गाजलेली उदाहरणे पाहू. तिन्हींत निरनिराळे गृहीतक तपासले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जेफ हॉकिन्स यांच्या कंपनीचा १९९३ सालचा झूमर हा हातात धरावयाचा संगणक अयशस्वी ठरला होता. पुढील यंत्र करण्यापूर्वी त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला व तो कित्येक दिवस जवळ बाळगला. सभेत कोणी वेळ मागितली की ते ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्याचा अभिनय करीत. ‘हे यंत्र असते तर मी ते बाळगले असते काय, व कशासाठी वापरले असते?’ एवढाच प्रश्न त्या ठोकळ्याने तपासला. त्यातून आकार व मोजकी कामे निश्चित झाली आणि १९९६ साली पायलट हे यंत्र बाजारात येऊन यशस्वी झाले. ठोकळ्याचा खर्च नगण्य होता. इतरांची मागणी मात्र त्याने सिद्ध होत नव्हती.

निक स्विनमर्न यांना १९९९ साली निराळा प्रश्न पडला होता. पायात घालून पाहिल्याविना लोक इंटरनेटवरून जोडे विकत घेतील काय? त्यांनी गोदाम उभारले नाही. जवळच्या दुकानातील जोड्यांची छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर ठेवली; मागणी आली की त्या दुकानातून पूर्ण किमतीस जोडा विकत घ्यावयाचा व टपालाने पाठवावयाचा. प्रत्येक विक्रीत तोटा होता. परंतु तो तोटा म्हणजे उत्तराची किंमत होती. यात खरे गिऱ्हाईक खरे पैसे देत होते, आणि परत येणाऱ्या मालाचे काय करावे लागते हेही कळत होते. त्यातूनच झॅपोस ही कंपनी उभी राहिली व २००९ साली ती ॲमेझॉनने विकत घेतली. येथे मागणीचे गृहीतक तपासले गेले. नफ्याचे गृहीतक जाणूनबुजून पुढच्या पायरीसाठी ठेवले गेले.

तिसरे उदाहरण ड्रॉपबॉक्सचे. निरनिराळ्या संगणकांवरील धारिका आपोआप एकसारख्या ठेवणारी ही प्रणाली सर्वांसाठी तयार करणे कष्टाचे होते. ड्र्यू ह्यूस्टन यांनी २००८ साली ती कशी चालेल हे दाखविणारी काही मिनिटांची चित्रफीत प्रसृत केली. त्यांच्या सांगण्यानुसार प्रतीक्षायादीतील नावे एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. आपल्या प्रतवारीनुसार नाव नोंदविणे हा मध्यम प्रतीचा पुरावा आहे. परंतु ज्या अडचणीची लोकांना जाणीवच नव्हती ती दाखविल्याबरोबर त्यांना पटते काय, एवढाच प्रश्न होता, आणि त्यास तो पुरेसा होता.

आपल्याकडील एक प्रयोग याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने ग्रामीण कुटुंबांसाठी स्वस्त शीतकपाट करावयाचे ठरविले. प्रथम त्यांच्या मंडळींनी लोक काय वापरतात हे घरोघरी पाहिले. थोडे दूध, भाजी, उरलेले अन्न एक-दोन दिवस टिकावे, पाणी गार असावे, बिऱ्हाड हलविताना ते सहज उचलता यावे आणि वीज गेली तरी चालावे, अशी गरज दिसली. बर्फाची गरज दिसली नाही. म्हणून कॉम्प्रेसर वगळून विद्युत्-औष्णिक चकती व पंखा यांवर चालणारे, वरून उघडणारे, सुमारे आठ किलो वजनाचे ‘छोटूकूल’ आकारास आले. फेब्रुवारी २००८ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे सहाशेहून अधिक स्त्रियांना एकत्र बोलावून नमुन्यांवर त्यांची मते घेण्यात आली. लाल रंगाची निवडही या सहभागातूनच झाली. गरज समजून घेण्याची ही रीत आदर्शवत् म्हणावी लागेल. तथापि पुढे कंपनीने शहरी गिऱ्हाईक, लहान दुकाने व प्रवासातील वापर यांकडे मोर्चा वळविला. अडचणीचे गृहीतक काटेकोरपणे तपासले गेले तरी सुमारे सव्वातीन हजार रुपये किमतीस, गावोगाव पोहोचवून, ती वस्तू पुरेशी खपेल काय, हे वेगळे गृहीतक होते. आस्थेने मत देणारी सहाशे माणसे आणि पैसे मोजणारी सहाशे माणसे यांत हेच अंतर आहे.

६. चाचणीचे मोल : एक हिशेब

पूर्वपडताळा करावा हे सर्वांना मान्य होते. कोणता पडताळा व्यर्थ असतो याचा विचार क्वचित होतो. येथे एका काल्पनिक हिशेबाचा उपयोग होईल. समजा, वस्तू घडविण्यास ४० लाख रुपये लागतात. ती चालल्यास १५० लाख मिळतील, न चालल्यास काहीच नाही. आणि अशा पाच कल्पनांपैकी एक चालते. चाचणीविना घडविल्यास अपेक्षित फल १५० चा एकपंचमांश, म्हणजे ३० लाख, वजा ४० लाख, असे १० लाख तोट्याचे होते. शहाण्या माणसाने हा उद्योग करू नये.

आता २ लाख रुपये खर्चाची एक चाचणी घ्या. चालणारी वस्तू असल्यास ती शंभरात ८० वेळा अनुकूल कौल देते. न चालणारी असल्यास शंभरात केवळ २० वेळा. शंभर कल्पनांपैकी २० चालणाऱ्या. त्यांतील १६ ना अनुकूल कौल मिळेल. ८० न चालणाऱ्या; त्यांतीलही १६ ना तो मिळेल. म्हणजे अनुकूल कौल मिळालेल्या ३२ कल्पनांपैकी निम्म्या चालतील. अनुकूल कौल आल्यासच घडवावयाचे असे ठरविल्यास त्या वेळी अपेक्षित फल ७५ वजा ४०, म्हणजे ३५ लाख. असा कौल शंभरात ३२ वेळा येतो, म्हणून ११.२ लाख, त्यातून चाचणीचे २ लाख वजा जाता ९.२ लाखांचा लाभ. ज्या उद्योगात १० लाखांचा तोटा दिसत होता तो केवळ चाचणीमुळे लाभदायक ठरला.

याच हिशेबात आता ‘आपण घ्याल काय?’ अशी प्रश्नावली घाला. तीत चांगल्या कल्पनेस शंभरात ९५ वेळा होकार मिळतो, परंतु वाईट कल्पनेसही भिडेपोटी ८० वेळा मिळतो. अनुकूल कौल मिळालेल्या ८३ कल्पनांत चालणाऱ्या केवळ १९. होकार आल्यानंतरही यशाची शक्यता शंभरात २० वरून सुमारे २३ वर जाते, आणि घडविल्यास अपेक्षित तोटा कायमच राहतो. म्हणजे या चाचणीचे उत्तर काहीही आले तरी शहाण्या माणसाचा निर्णय बदलत नाही. जी चाचणी निर्णय बदलू शकत नाही तिचे मोल शून्य. प्रत्यक्षात ते शून्याहूनही कमी असते, कारण तिच्या होकाराने उद्योजकाचा आत्मविश्वास वाढतो व तो ४० लाख खर्च करून बसतो. यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. चांगल्या कल्पनेस होकार देणे एवढ्याने चाचणी चांगली ठरत नाही; वाईट कल्पनेस ती किती ठामपणे नकार देते यावर तिची योग्यता ठरते.

नमुना लहान असल्यास अनुमानही तेवढेच नम्र असावे. दोनशे जणांपैकी दहा जणांनी इसार दिला तर प्रमाण पाच टक्के दिसते. परंतु ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण साधारणतः दोन ते आठ टक्क्यांच्या दरम्यान असावे. या दोन टोकांमध्ये अनेकदा उद्योग तरणे आणि बुडणे एवढे अंतर असते. शंभर जणांपैकी एकानेही घेतले नाही तर खरे प्रमाण शून्यच आहे असे सिद्ध होत नाही. ते तीन टक्क्यांपर्यंत असू शकते. तीनला नमुन्याच्या संख्येने भागावे, हा यासाठीचा सोपा आडाखा आहे. अर्थात हे सर्व हिशेब नमुना यादृच्छिक असेल तरच लागू पडतात. वर्गमित्र, नातलग आणि विभागातील सहकारी यांचा नमुना कितीही मोठा केला तरी तो बाजारपेठेचा नमुना होत नाही.

७. मर्यादा आणि नीती

ही पद्धत सर्वत्र सारखीच लागू पडते असा दावा करणे योग्य होणार नाही. सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आणला तेव्हा ज्यात ध्वनिमुद्रण होत नाही असे यंत्र कोण घेणार, अशी शंका विक्रेत्यांनी व्यक्त केली होती. पहिल्या महिन्यात विक्री सुमारे तीन हजार झाली. ऑगस्ट संपेपर्यंत तयार केलेले तीस हजार नग संपले. जुलैच्या आकड्यावर निकाल दिला असता तर तो चुकला असता. जी वस्तू वापरून पाहिल्याशिवाय तिची कल्पनाच येत नाही, तिच्याविषयी मत विचारणे व्यर्थ असते. ती हाती देऊनच परीक्षा घ्यावी लागते. सोनीच्या माणसांनी तेच केले. त्यांनी तरुणांना चालता चालता ते ऐकावयास दिले. मात्र ‘लोकांना काय हवे ते त्यांना ठाऊक नसते’ या वाक्याचा आधार घेऊन पडताळाच टाळणे हा वॉकमनचा बोध नव्हे. तीस हजार नगांची पहिली खेप ही त्या आकाराच्या कंपनीस सोसण्याजोगी परीक्षाच होती.

दुसरी मर्यादा नीतीची आहे. अस्तित्वात नसलेली वस्तू विक्रीस ठेवून किती जण मागणी करतात हे पाहण्याची रीत आज सर्रास रूढ आहे. यात आणि फसवणुकीत एक बारीक परंतु स्पष्ट रेषा आहे. वस्तू अद्याप तयार नाही हे पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. घेतलेला इसार मागताक्षणी परत केला पाहिजे. आणि आजार, शेती किंवा कर्ज यांसारख्या बाबतींत, जेथे खोट्या आशेने माणूस दुसरा उपाय सोडून देण्याची शक्यता असते, तेथे ही रीत वापरूच नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तरतुदी आहेत. कायदा नसता तरी हे बंधन राहिलेच असते, कारण परीक्षा कल्पनेची घ्यावयाची आहे, गिऱ्हाइकाच्या विश्वासाची नव्हे.

८. उपसंहार

वरील चर्चेवरून कार्याचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल. प्रथम गृहीतके निरनिराळी लिहून काढावीत. त्यांतील जे सर्वांत संशयास्पद व चुकल्यास सर्वांत घातक, ते निवडावे. ते तपासण्याचा सर्वांत स्वस्त असा मार्ग शोधावा की ज्यात उत्तर देणाऱ्यास काहीतरी सोसावे लागेल. चाचणीपूर्वीच कोणत्या आकड्यास पुढे जावयाचे व कोणत्या आकड्यास थांबावयाचे हे तारीख घालून लिहून ठेवावे. कारण आकडा हाती आल्यावर त्याचा सोयीस्कर अर्थ लावण्याची कला प्रत्येकास अवगत असते. आणि निकाल प्रतिकूल आल्यास तो पराभव न मानता वाचलेला पैसा व वाचलेली वर्षे म्हणून जमेस धरावा.

विद्यापीठीय विभागांस येथे एक विशेष कर्तव्य आहे. विद्यार्थ्यांच्या उद्योजकता स्पर्धांत आराखड्याची भव्यता व सादरीकरणाचे कौशल्य यांस गुण दिले जातात. ज्या विद्यार्थ्याने तीन महिने खपून आपली कल्पना चालणार नाही असे पुराव्यानिशी सिद्ध केले, त्यास बक्षीस मिळत नाही. प्रयोगशाळेतील नकारात्मक निष्कर्षास आपण ज्ञान मानतो. बाजारातील नकारात्मक निष्कर्षासही तीच प्रतिष्ठा देण्यास अडचण नसावी. अशा प्रकल्पांची परीक्षा ‘कल्पना किती मोठी’ यावर न करता ‘कोणते गृहीतक तपासले, कशाने, आणि निर्णय कसा बदलला’ या तीन प्रश्नांवर करता येईल. त्यायोगे ज्याच्यापाशी एकाच प्रयत्नापुरते भांडवल आहे त्या विद्यार्थ्याचा तो प्रयत्न योग्य कल्पनेवर खर्च होण्याची शक्यता वाढेल.